पाट्यांची कुरकुर आणि वंगणाची गोष्ट

काही वर्षांपूर्वी क्षेत्रभेटींसाठी आम्ही एक जुनी पिकअप गाडी वापरत असू. गाडी खड्ड्यातून गेली की मागून जुन्या बिजागरीसारखी कुरकुर ऐकू येई. गॅरेजमधल्या मिस्त्रींनी खाली वाकून पाहिले आणि सांगितले, "साहेब, पाट्यांचे बोल्ट कोरडे पडलेत. ग्रीस मारतो, आवाज जाईल." माझे तेवढ्याने समाधान होईना. "मग पाट्यांच्या मध्येही तेल सोडा की," मी म्हणालो. मिस्त्रींनी नको म्हणून मान हलवली, पण मी हट्ट धरला. कुरकुर गेली खरी. पण परतीच्या वाटेवर प्रत्येक खड्ड्यानंतर गाडी होडीसारखी डुलत राहिली. शॉक-अब्सॉर्बर पार म्हातारे झाले होते आणि त्यांचे काम इतके दिवस पाट्यांमधले घर्षण करत होते, हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

"घर्षणामुळे ऊर्जा वाया जाते, म्हणून वंगण वापरावे" हे वाक्य आपण सगळेच शिकलो आणि शिकवतोही. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. उरलेले अर्धे समजायला माणसाला बराच काळ लागला. त्याची ही गोष्ट.

वाळूवरचे पाणी

वंगण म्हटले की आपल्याला बैलगाडी आठवते. चाकाला आणि आसाला तेल चोपडले नाही तर गाडी करकरते आणि बैलही दमतात, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. अशा अनुभवाचा एक फार जुना पुरावा इजिप्तमध्ये आहे. इ.स.पू. 1880 च्या सुमाराच्या जेहुतीहोतेप या अधिकाऱ्याच्या थडग्यात एक चित्र आहे. त्यात एक प्रचंड पुतळा घसरगाडीवर ठेवला असून 172 माणसे तो ओढत आहेत. घसरगाडीच्या पुढच्या टोकाशी उभा असलेला एक माणूस जमिनीवर काहीतरी ओततो आहे. अनेक वर्षे अभ्यासकांना हा धार्मिक विधी वाटत असे. 2014 मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञांनी वाळूवर छोटी घसरगाडी ओढून पाहिली. वाळूत योग्य प्रमाणात पाणी मिसळले की ओढण्यास लागणारे बल जवळजवळ निम्मे होते आणि पाणी जास्त झाले की पुन्हा वाढते, असे त्यांना आढळले. म्हणजे इथे पाण्याने वाळू निसरडी झाली नव्हती. ओली वाळू घट्ट राहते, घसरगाडीपुढे तिचा ढीग साचत नाही, म्हणून काम हलके होते.

न ऐकू येणारा संशोधक

घर्षणाचे नियम प्रथम लिहिले ते लिओनार्दो दा विंचीने. त्याच्या 1493 च्या एका वहीत ठोकळे, दोऱ्या आणि वजने यांची चित्रे आहेत. वजन दुप्पट केले की घर्षण दुप्पट होते आणि ठोकळा आडवा ठेवा की उभा, घर्षण तेवढेच राहते, हे त्याला उमगले होते. पण वह्या अप्रकाशित राहिल्या आणि ज्ञानही त्यांच्यातच राहिले.

तेच नियम गियोम आमोंताँ या फ्रेंच संशोधकाने 1699 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. आमोंताँला लहान वयातच बहिरेपण आले होते. कुरकुरीचे मूळ शोधणाऱ्या माणसाला कुरकुर ऐकूच येत नव्हती! तांबे, लोखंड, शिसे आणि लाकूड यांचे तुकडे त्याने स्प्रिंगने एकमेकांवर दाबले आणि ते सरकवायला किती बल लागते ते दुसऱ्या स्प्रिंगने मोजले. उत्तर नेहमी भाराच्या साधारण एक-तृतीयांश येई, मग पदार्थ कोणताही असो. घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हे अकादमीतील विद्वानांना पटेना. शेवटी फिलिप द ला हीर याने स्वतः प्रयोग करून त्याला दुजोरा दिला.

पण सगळ्या पदार्थांना एकच उत्तर का यावे? आमोंताँने सर्व तुकड्यांना डुकराची जुनी चरबी चोपडली होती. त्याने मोजले ते मुख्यतः चरबीच्या थराचे घर्षण होते, धातूंचे किंवा लाकडाचे नव्हे. प्रयोगात काय मोजले जाते आहे हे ठरवणे किती अवघड असते, याचे इतके चांगले उदाहरण विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी क्वचितच मिळेल.

कुरकुर कशी होते?

पुढचे पाऊल कुलोमने टाकले. विद्युतप्रभारांच्या नियमामुळे आपल्याला माहीत असलेला हाच तो कुलोम. रॉशफोर येथील गोदीत त्याने घर्षणाचे मोठे प्रयोग केले आणि 1781 मध्ये अकादमीचे पारितोषिक मिळवले. स्थिर वस्तू हलवायला लागणारे बल सरकती वस्तू सरकत ठेवण्याच्या बलापेक्षा सहसा जास्त असते आणि दोन पृष्ठभाग जितका वेळ एकमेकांवर टेकून राहतात तितके ते अधिक चिकटून बसतात, हे त्याने मोजून दाखवले.

कुरकुरीचे रहस्य याच फरकात आहे. पाट्याच्या टोकाचा बोल्ट कोरडा असला की बुश त्याला धरून बसतो. गाडी खाली बसते तसा ताण वाढत जातो. ताण स्थितिक घर्षणापेक्षा जास्त झाला की बुश एकदम सुटतो. सुटताच घर्षण कमी होते, त्यामुळे तो गरजेपेक्षा पुढे घसरतो, ताण संपतो आणि तो पुन्हा अडकतो. अडकणे-घसरणे, अडकणे-घसरणे असे सेकंदाला अनेक वेळा झाले की आपल्याला आवाज ऐकू येतो. व्हायोलिनची तार गजाने वाजते ती अशीच आणि फळ्यावर खडू किंचाळतो तोही असाच. धातूंमधल्या या अडक-घसर गतीचा नेमका अभ्यास बोडेन आणि लेबेन यांनी 1939 मध्ये प्रसिद्ध केला. धातूचे गुळगुळीत दिसणारे पृष्ठभागही प्रत्यक्षात थोड्याच उंचवट्यांवर टेकतात आणि भार वाढला की हे खरे स्पर्शक्षेत्र वाढते, हे बोडेन आणि टेबर यांनी नंतर स्पष्ट केले. आमोंताँच्या नियमाचे कारण असे अडीचशे वर्षांनी कळले.

उडालेली खुंटी

वंगण नेमके काय करते? इंग्लंडमधील बीचम टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. 1883 साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. तेलात बुडून फिरणाऱ्या आसावर त्याने वरून बेअरिंग बसवले होते. तेल सोडण्यासाठी बेअरिंगच्या माथ्याला भोक पाडले, तर त्यातून तेल आत जाण्याऐवजी वर उसळू लागले. त्याने बूच बसवले. ते बाहेर आले. लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. मग त्याने तेथे दाबमापक जोडला. बेअरिंगवर सरासरी दाब चौरस इंचाला 100 पौंड होता आणि मापकाचा काटा 200 च्या पुढे गेला! म्हणजे आस आणि बेअरिंग एकमेकांना टेकतच नव्हते. सारा भार तेलाच्या पातळ थराने उचलला होता. फिरणारा आस तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो आणि त्यामुळे दाब तयार होतो, हे ऑसबोर्न रेनॉल्ड्सने 1886 मध्ये गणिताने सिद्ध केले.

मात्र पाट्याचा बोल्ट असा गरगर फिरत नाही. बुश त्याच्यावर थोड्याच अंशांतून हळू पुढेमागे होतो, म्हणून तेलाची पाचर तयारच होत नाही. तिथे दुसरीच यंत्रणा लागते. विल्यम बेट हार्डी हा मूळचा शरीरक्रियाशास्त्रज्ञ. त्याने आणि आयडा डबलडे यांनी 1922 मध्ये दाखवले की स्निग्ध पदार्थांच्या रेणूंचा अतिशय पातळ थर धातूला धरून बसला तरी घर्षण खूप उतरते आणि रेणूंची साखळी जितकी लांब तितका फायदा जास्त. चरबीतल्या आणि एरंडेलातल्या आम्लांचे एक टोक धातूला चिकटते, दुसरे लांब शेपूट बाहेर राहते. बैलगाडीच्या आसाला चोपडलेले एरंडेल याच तत्त्वावर चालते. ग्रीसचा आणखी एक गुण म्हणजे ते जागेवर टिकते आणि पाणी व धूळ बाहेर ठेवते.

मिस्त्री का नको म्हणाले?

1804 च्या सुमारास लंडनच्या ओबडाया इलियटने घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांची स्प्रिंग आणली. पाट्यांची चळत वाकते तेव्हा प्रत्येक पाटा शेजारच्यावर घासतो. स्प्रिंग धक्का साठवते आणि परत देते. घर्षण त्या ऊर्जेची उष्णता करून हेलकावे थांबवते. मोटारी वेगाने धावू लागल्या तेव्हा एवढे घर्षणही पुरेना. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्रुफो आणि हार्टफर्ड यांनी एकमेकींवर घासणाऱ्या चकत्यांचे शॉक-अब्सॉर्बर विकले, म्हणजे मुद्दाम विकत घेतलेले घर्षणच! पुढे द्रवाचे शॉक-अब्सॉर्बर आले आणि पाट्यांमधल्या घर्षणाची गरज कमी झाली.

आता त्याच गाडीच्या खाली पुन्हा पाहू. धातूच्या बुशमध्ये फिरणाऱ्या बोल्टला ग्रीस हवेच. पण बुश रबराचा असेल तर तो घसरत नाही, पिळला जातो. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते व खराब होते. पाट्यांची चळत आसाला आवळणारे यू-बोल्ट तर घर्षणाच्या जोरावरच पकड ठेवतात. त्यांच्या आट्यांना तेल लावून नेहमीच्याच जोराने आवळले, तर बोल्टवर ठरल्यापेक्षा जास्त ताण येतो. एका हाताच्या अंतरात घर्षण कुठे नको आहे, कुठे हवे आहे आणि कुठे बेताचे हवे आहे. मिस्त्रींना हे अनुभवाने माहीत होते.

1966 मध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने ब्रिटनमध्ये घर्षण व झिजेकडे नीट लक्ष दिल्यास वर्षाला सुमारे 51 कोटी 50 लाख पौंड वाचतील असा अंदाज दिला आणि या शास्त्राला 'ट्रायबॉलॉजी' हे नाव रूढ झाले.

वर्गात करायला सोपा प्रयोग: दहा-बारा जाड कार्डांची चळत घ्या, तिच्या लांब कडेवर पेन्सिलीने काही उभ्या रेषा ओढा आणि चळत वाकवा. टोकांकडच्या रेषा तिरप्या होतील, कारण कार्डे एकमेकांवर सरकली. आता दोन्ही टोकांना घट्ट चिमटे लावून वाकवून पाहा. हाताला फरक कळेल. मग मुलांना विचारा, या चळतीला तेल लावावे का? उत्तरापेक्षा "कशासाठी?" हा उलट प्रश्न ज्याला सुचेल, त्याला घर्षण समजले असे मी म्हणेन. मला तो गॅरेजमध्ये सुचला नव्हता.