दवाखान्यातले जुने केस पेपर कॉम्प्युटरवर घ्यायचेत? स्कॅनर आणि इतर सामान घेण्याआधी हे वाचा

तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या दवाखान्यात डोकावून बघा. कपाटावर केस पेपरची गाठोडी, खाली रजिस्टरची चळत, मधे कुठंतरी वाळवीची माती. पेशंट म्हणतो, "डॉक्टर, पाच वर्षांपूर्वी तुम्हीच एक इंजेक्शन दिलं होतं, त्याची रिॲक्शन आली होती." कंपाउंडर अर्धा तास शोधतो, पेपर काही सापडत नाही. मग डॉक्टर अंदाजानं पुढं जातात. धोका आहे तो इथं. कुठल्या औषधाची ॲलर्जी, आधीचा ईसीजी कसा होता, पहिल्या बाळंतपणात काय झालं, हे सगळं त्या हरवलेल्या कागदावर असतं.

म्हणून बरेच डॉक्टर, लॅबवाले आता जुनं रेकॉर्ड स्कॅन करून घेतायत. गावातल्या झेरॉक्स-सेवा केंद्र चालवणाऱ्या पोरांकडंही हे काम येतंय. पण चुकीचं मशीन घेतलं की पैसे जातात आणि काम अर्धवट राहतं. काय घ्यायचं, काय टाळायचं, ते सविस्तर बघू.

आधी कागद मोजा, मग मशीन बघा

दुकानात जाण्याआधी कपाटातल्या कागदांचा अंदाज घ्या. एक वीतभर चळत मोजायची आणि तेवढ्या किती चळती आहेत ते बघायचं.

समजा १०,००० केस पेपर आहेत आणि दोन्ही बाजूंना लिहिलंय. म्हणजे २०,००० पानं झाली. काचेवर एकेक कागद ठेवून स्कॅन करायचा तर पानामागं साधारण एक मिनिट जातं. २०,००० मिनिटं म्हणजे ३३३ तास. रोज चार तास बसलं तरी ८० दिवसांच्या वर. हेच काम आपोआप कागद ओढणाऱ्या मशीनवर, पिना काढणं आणि घड्या सरळ करणं धरून, दिवसाला हजार कागद या वेगानं दहा-बारा दिवसांत उरकतं.

उलट, कागद हजार-दीड हजारच असतील तर महागडं मशीन घेऊ नका. साधा स्कॅनर पुरेसा आहे.

स्कॅनरचे प्रकार: कुठला कशासाठी?

१) फ्लॅटबेड: झाकण उघडून काचेवर कागद ठेवायचा. सगळ्यात स्वस्त. फाटके, चिकटवलेले, नाजूक कागद यावरच करायचे. काही छोटे फ्लॅटबेड यूएसबी केबलवरच चालतात, वेगळी वीज लागत नाही. वेग मात्र कमी.

२) एडीएफ म्हणजे कागद ओढणारा स्कॅनर: वरच्या ट्रेमध्ये गठ्ठा ठेवला की एकेक कागद आत जातो. केस पेपरच्या ढिगासाठी हाच खरा कामाचा. घेताना चार गोष्टी विचारा:

- एका फेरीत दोन्ही बाजू स्कॅन होतात का? याला ड्युप्लेक्स म्हणतात. हे नसेल तर सगळा गठ्ठा उलटा करून पुन्हा घालावा लागतो.
- दोन कागद चिकटून आत गेले तर मशीन थांबतं का? चांगल्या स्कॅनरमध्ये त्यासाठी अल्ट्रासोनिक सेन्सर असतो. हे नसेल तर एखादा पेपर गुपचूप सुटतो आणि कुणाला कळतही नाही.
- रोज किती पानं करायची क्षमता आहे? याला डेली ड्युटी सायकल म्हणतात.
- किती पातळ आणि किती जाड कागद चालतो? झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएमचा असतो. आपल्याकडं केस पेपर कधी पुठ्ठ्यासारखे जाड, तर कधी पतंगाच्या कागदासारखे असतात. स्वतःचे पाच-दहा नमुने घेऊन दुकानात जा आणि समोर चालवून बघा.

३) ऑल-इन-वन प्रिंटर: प्रिंट, झेरॉक्स, स्कॅन तिन्ही. रोजच्या नवीन कागदांना ठीक. पण अनेक मॉडेलमध्ये ट्रे असला तरी एकच बाजू स्कॅन होते. जुन्या गठ्ठ्यासाठी यावर भिस्त ठेवू नका.

४) वरून फोटो घेणारा ओव्हरहेड स्कॅनर: बांधीव रजिस्टरसाठी. रजिस्टर फाडून पानं सुटी करायची नाहीत, हे पक्कं लक्षात ठेवा.

५) मोबाइल: दहा-वीस कागद असतील तर फोन चालतो. गुगल ड्राइव्हमध्येच स्कॅनची सोय आहे. पण हजारो कागदांना नको. सावली पडते, कोपरे कापले जातात आणि पेशंटची माहिती कुणाच्या तरी खासगी फोनमध्ये राहते.

कंपन्या बऱ्याच आहेत: कॅनन, एप्सन, ब्रदर, एचपी. फुजित्सूचे स्कॅनर आता रिको या नावानं मिळतात. नावापेक्षा जास्त महत्त्वाचं म्हणजे सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणी आहे का आणि कागद ओढणारे रबरी रोलर सुटे मिळतात का. रोलर झिजतातच. ते मिळाले नाहीत तर चांगलं मशीन धूळ खात पडतं.

डीपीआय किती ठेवायचा?

डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. बॉक्सवर ४८०० वगैरे आकडा असतो, त्याला भुलू नका. साध्या कागदाला ३०० डीपीआय पुरतो. फिकट किंवा अगदी बारीक अक्षराला ६००. त्यावर गेलं की फाइल फुगते, अक्षर काही सुधारत नाही.

रंगाचं काय? नुसतं काळं-पांढरं ठेवलं तर फाइल छोटी होते, पण पेन्सिलनं लिहिलेलं आणि फिकट शाई उडून जाते. हस्ताक्षराला निदान ग्रे ठेवा. ज्यावर लाल शाईनं खूण आहे किंवा शिक्का आहे, तो कागद रंगीतच करा.

फाइल छोटी करायच्या नादात आकडेही बदलू शकतात. २०१३ साली जर्मनीतले संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रिझेल यांनी दाखवून दिलं, की झेरॉक्स कंपनीची काही मशीन स्कॅन करताना आकडेच बदलतायत. घराच्या नकाशावर तीन खोल्यांची मापं वेगवेगळी असताना स्कॅनमध्ये तिन्हींना एकच माप आलं. कारण होतं जेबिग-टू नावाची दाबण्याची पद्धत. सारखे दिसणारे आकडे ती एकच समजत होती. कंपनीनं नंतर दुरुस्ती दिली. दवाखान्याच्या कागदावर ६ चा ८ झाला तर औषधाचा डोस बदलतो. म्हणून सेटिंगमध्ये कॉम्प्रेशन 'हाय' ठेवू नका आणि प्रत्येक गठ्ठ्यातले काही कागद मूळ प्रतीशी ताडून बघा.

फाइल पीडीएफमध्ये ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये पीडीएफ-ए असा पर्याय असेल तर तो निवडा. वर्षानुवर्षं जपून ठेवायच्या कागदांसाठीच तो प्रकार आहे.

आधी कुठले कागद घ्यायचे?

ईसीजीची पट्टी आणि सोनोग्राफीचे फोटो बहुतेक थर्मल कागदावर असतात. एसटीच्या तिकिटासारखे ते काही वर्षांत उडतात. म्हणून पहिला नंबर त्यांचा. आणि हो, थर्मल कागदाला गरम लॅमिनेशन अजिबात करू नका, सगळा काळा पडतो.

एक्स-रे, सीटी, एमआरआयच्या फिल्म साध्या स्कॅनरवर येत नाहीत, कारण त्यांना मागून उजेड लागतो. व्ह्यू बॉक्सवर लावून फोटो काढता येतो, पण तो फक्त ओळखीपुरता. निदानासाठी मूळ फिल्म हवीच. नवीन तपासणी असेल तर सेंटरकडून सीडी किंवा डिजिटल कॉपी मागून घ्या.

कॉम्प्युटर कसा घ्यायचा?

या कामाला भारी मशीन लागत नाही. आय-थ्री किंवा त्या तोडीचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि एसएसडी, एवढं बास. जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क मुख्य ड्राइव्ह म्हणून नको, काम रेंगाळतं.

जागा किती लागेल? ३०० डीपीआयचं एक पान साधारण अर्धा एमबी धरा. २०,००० पानांचे झाले १० जीबी. म्हणजे २५६ जीबीच्या एसएसडीतही हे आरामात मावतं. "चार टीबी घ्या" असं कुणी म्हटलं तर हा हिशोब दाखवा.

सेकंडहँड घेणार असाल तर सावध. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. इंटेलचा आठव्या जनरेशनच्या आधीचा प्रोसेसर असेल तर विंडोज ११ रीतसर चालत नाही. असा स्वस्तातला कॉम्प्युटर पेशंटच्या माहितीसाठी नको.

लाइटचा भरवसा नसेल तर लॅपटॉप बरा, बॅटरी असते. डेस्कटॉप घेतला तर यूपीएस लागतोच. तो तासभर चालवायला नसतो, फाइल सेव्ह करून व्यवस्थित बंद करायला असतो. यूपीएसवर लेझर प्रिंटर लावू नका, तो एकदम जास्त करंट ओढतो. आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.

नाव नीट नाही दिलं, तर सापडणार नाही

मराठी हस्ताक्षर कॉम्प्युटरला भरवशानं वाचता येत नाही, त्यात डॉक्टरांचं अक्षर! म्हणून प्रत्येक फाइलची नोंद माणसानंच करायची. एक्सेलमध्ये एवढे रकाने पुरेत: केस पेपर नंबर, पूर्ण नाव, गाव, वय, मोबाइल, तारीख. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमानं लिहा, म्हणजे यादी आपोआप ओळीनं लागते.

एका गावात एकाच नावाचे चार जण असतात, म्हणून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि मोबाइल हवाच. बाईमाणसांच्या बाबतीत माहेरचं नावही लिहा. लग्नाआधीचा पेपर एका नावानं, नंतरचा दुसऱ्या, आणि मधला इतिहास हरवतो.

स्कॅनिंगसाठी नॅप्स-टू हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सुरुवातीला तेवढं पुरतं.

बॅकअप: तीन, दोन, एक

तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. म्हणजे कॉम्प्युटरवर एक, बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक आणि एक डॉक्टरांच्या घरी किंवा क्लाउडवर. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात, २०२१ ला चिपळूणला बाजारपेठेत पाणी शिरलं. अशा वेळी त्याच खोलीतला बॅकअपही पाण्यातच जातो.

हार्ड डिस्क काम झालं की काढून ठेवा. कायम जोडलेली असेल तर व्हायरस तिलाही कुलूप लावतो. महिन्यातून एकदा बॅकअपमधली फाइल उघडून बघा.

स्कॅन झालं, आता कागद रद्दीत? थांबा

- भरती पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायचं, असं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमात आहे.
- सोनोग्राफीचा एफ फॉर्म आणि रेकॉर्ड २ वर्षं, आणि केस चालू असेल तर निकाल लागेपर्यंत. रेकॉर्ड कॉम्प्युटरवर असलं तरी सही केलेली छापील प्रत ठेवावीच लागते.
- गर्भपाताचं रजिस्टर ५ वर्षं. ते गोपनीय आहे, बाहेरच्या माणसाच्या हातात स्कॅनिंगलाही देऊ नये.
- पोलीस केस असलेले कागद वकिलाला विचारल्याशिवाय हलवू नका.

काम बाहेर देणार असाल तर गठ्ठा दुकानात पाठवण्यापेक्षा माणूस दवाखान्यात बोलवा. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही, पेनड्राइव्ह घरी न्यायचा नाही, हे लेखी ठरवा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झालाय, जबाबदारी दवाखान्यावरच येते.

आणि पेशंट म्हणून तुम्ही?

दवाखान्यानं स्कॅन करायची वाट बघू नका. घरातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतले रिपोर्ट आजच उजेडात ठेवून फोनवर पीडीएफ करा. सुरुवात ईसीजी आणि सोनोग्राफीपासून. घरातल्या प्रत्येकाची वेगळी फोल्डर करा आणि एक कॉपी दुसऱ्या फोनवर ठेवा. १४ आकडी आभा नंबर काढला असेल तर आभा ॲपमध्येही रिपोर्ट ठेवता येतात.

आपल्या उपचाराचे कागद मागणं हा तुमचा हक्क आहे. वर सांगितलेल्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटनं किंवा त्यानं नेमलेल्या माणसानं रेकॉर्ड मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत द्यायचं असतं. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. रात्री-अपरात्री जिल्ह्याला न्यायची वेळ आली, तर तिथला डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतो: आधीचे कागद आणलेत का?