मिस्टरांची सही

सिझर करायचं ठरलं की सिस्टर लेबर रूममधून बाहेर येऊन हमखास विचारतात, ‘पेशंटचे मिस्टर कुठेत? सही पाहिजे.’ मिस्टर चहाला गेले असतील तर सासऱ्यांच्या सहीवर भागतं. छापील कागद, बहुतेकदा इंग्रजीत, सहीच्या जागी पेनाने केलेली फुली. जिचं पोट उघडायचं ती आत कळा देत असते.

ही पद्धत कुणा एका डॉक्टरने मनाने काढलेली नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत शस्त्रक्रियेआधी लेखी संमती कुणाची घ्यायची ते सांगितलंय : पती किंवा पत्नी, अज्ञान असल्यास आईवडील वा पालक, नाहीतर खुद्द रुग्ण. ज्याचं शरीर त्याचा नंबर शेवटच्या पंगतीत. याउलट १९७१ च्या गर्भपात कायद्यात सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते. म्हणजे गर्भ पाडायला नवऱ्याची सही लागत नाही, तोच सुखरूप बाहेर काढायला मात्र मागतात!

कागदामागचा विचार बराच जुना आहे, आणि त्याच्या कुळात वळणावळणावर एखादी बाई भेटते. १९०८ साली न्यूयॉर्कच्या रुग्णालयात मेरी श्लोएंडॉर्फ यांना गाठ असल्याचं आढळलं. भूल देऊन तपासा, पण कापू नका, असं त्यांनी बजावलं होतं, असं त्यांचं म्हणणं. शुद्धीवर आल्या तेव्हा गाठ काढून झाली होती. पुढे हात सडला, काही बोटं गमवावी लागली. १९१४ च्या निकालात न्यायमूर्ती कार्डोझो यांनी शरीराचं काय करायचं ते ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याचा, असं तत्त्व मांडलं. त्याचे दाखले आजही देतात. बाई मात्र खटला हरल्या, कारण रुग्णालय धर्मादाय होतं.

आपल्याकडचा मोठा खटला दिल्लीचा. मे १९९५ मध्ये ४४ वर्षांच्या समीरा कोहली दुर्बिणीच्या तपासणीसाठी टेबलावर गेल्या. त्या भुलीत असताना एक डॉक्टर बाहेर आल्या, थांबलेल्या आईची सही घेतली, आणि गर्भाशय नि बीजकोश काढले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं की जिवावर बेतलेलं नसेल तर सज्ञान बाईऐवजी आईची सही चालणार नाही. नुकसानभरपाई किती, तर २५,००० रुपये. पण रुग्णाला किती सांगायचं, या प्रश्नावर न्यायालयाने अमेरिकी नियम नाकारून ब्रिटिश मोजपट्टी घेतली : जाणते डॉक्टर रीतीप्रमाणे जेवढं सांगतात तेवढं पुरे.

ती मोजपट्टी ब्रिटननेच सात वर्षांत टाकून दिली, आणि तीही एका बाळंतपणावरून.

स्कॉटलंडच्या लॅनार्कशायरमधल्या नदीन मॉन्टगोमेरी चणीने लहान, मधुमेही, इन्शुलिनवर. अशा आईचं बाळ बऱ्याचदा अंगाने मोठं असतं. डोकं बाहेर येतं आणि खांदे अडकतात. धोका नऊ-दहा टक्के. बाळ फार मोठं तर नाही ना, ही काळजी त्यांनी बोलूनही दाखवली होती. त्या रेण्वीय जीवशास्त्राच्या पदवीधर, आई नि बहीण डॉक्टर. म्हणजे सांगितलं असतं तर समजलं नसतं, अशातला भाग नाही. पण डॉक्टरांचं म्हणणं असं की, हे सांगितलं तर प्रत्येक जण सिझरच मागेल. १ ऑक्टोबर १९९९ ला बाळाचे खांदे अडकले, सुटायला बारा मिनिटं लागली. मुलाला सेरेब्रल पाल्सी झाली.

दोन न्यायालयांत त्या हरल्या. ११ मार्च २०१५ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला : समोरच्या रुग्णाला महत्त्वाचा वाटेल तो धोका आणि असलेले पर्याय डॉक्टरने सांगायलाच हवेत. तांत्रिक माहितीचा मारा करून किंवा रिवाजाप्रमाणे सही घेऊन हे कर्तव्य पार पडत नाही, हेही त्यात आहे. माझ्या मते निकालातला सगळ्यात कामाचा भाग हाच.

लेडी हेल यांनी वेगळं टिपण जोडून विचारलं की सिझर आईच्या हिताचं नाही हे वैद्यकीय मत, की नैसर्गिक बाळंतपण नैतिकदृष्ट्या वरचढ मानण्याचा कल? आपल्याकडे तक्रार बरोबर उलटी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, खासगीत ४७.४ टक्के. त्यांतल्या कितीजणींपुढे दोन्ही वाटा धोक्यांसकट मांडल्या गेल्या होत्या, ते या आकड्यांवरून कळत नाही.