एका अडकलेल्या सिमची गोष्ट, आणि मावळात कार्डं कशी आली

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आषाढ, आवणी ऐन भरात, आणि आमच्या आप्पांचा फोन पाण्यात पडला. भाच्याने शहाणपणा केला. आपला जुना स्मार्टफोन आप्पांना दिला, त्यांचं सिम ट्रेमध्ये ठेवलं आणि ट्रे आत ढकलला. ट्रे आत गेला, पण 'सिम नाही' असं दिसायला लागलं. बाहेर काढायला गेला तर ट्रे हलेना. पिन टोचली, टाचणी टोचली, शेवटी पक्कड आणली. तिथे मी आडवा आलो आणि फोन घेऊन कामशेत गाठलं.

बाजारपेठेतल्या मोबाईलवाल्या पोराने टॉर्च मारून आत बघितलं आणि म्हणाला, "दादा, हे कापलेलं सिम आहे. जुनं मोठं कार्ड कातरून छोटं केलंय. जाड आहे ते."

जाड किती? घरी आल्यावर शोधलं. जुनं सिम ०.७६ मिलिमीटर जाड, आजचं नॅनो सिम ०.६७. फरक नऊ शतांश मिलिमीटरचा. म्हणून तेव्हाचे दुकानदार कटरने कापून झाल्यावर सिम पॉलिश पेपरवर घासून द्यायचे. आमच्या आप्पांचं कुणी घासलं नव्हतं. पोराने फोन गरम करून उघडला, ट्रे काढला, फोन वाचला. पण सिम पक्कडीच्या कृपेने मधोमध चिरलं होतं.

आता यात काय एवढं, असं वाटेल. नवीन सिम घ्यायचं, नंबर तोच. मलाही तसंच वाटलं होतं. पुढचे आठ दिवस काय झालं ते खाली सांगतो, पण आधी या तुकड्याचं घराणं सांगतो. कारण त्या आठ दिवसांत मला कळलं की खिशातलं बँकेचं कार्ड आणि फोनमधलं सिम ही सख्खी भावंडं आहेत, आणि एकाला ताप आला की दुसरंही अंथरूण धरतं.

दोघांचं मूळ एकच. प्लॅस्टिकच्या कार्डात चिप बसवायची कल्पना जर्मनीत १९६८ च्या सुमारास निघाली, आणि १९७४ मध्ये रोलाँ मोरेनो या फ्रेंच माणसाने पैशाच्या व्यवहारासाठी चिपच्या कार्डाचं पेटंट घेतलं. आधी ते फ्रान्समध्ये सार्वजनिक फोनच्या डब्यांत चाललं, मग बँकांत. १९९१ मध्ये म्युनिकच्या गीझेके अँड डेव्हरिएंट या नोटा छापणाऱ्या कंपनीने फिनलंडच्या एका मोबाईल कंपनीसाठी पहिली सिम कार्डं बनवली. नोटा छापणाऱ्यांनीच सिम बनवलं, हे मला फार बोलकं वाटतं. ते पहिलं सिम बरोब्बर एटीएम कार्डाएवढं होतं, ८५.६ बाय ५४ मिलिमीटर, आणि अख्खं कार्डच फोनमध्ये सरकवायचे. त्यावरची सोनेरी चौकट आणि आजच्या बँक कार्डावरची सोनेरी चौकट एकाच नियमाने आखलेली आहे. पुढे फोन लहान होत गेले तसं सिमच्या कडेचं प्लॅस्टिक गळत गेलं. आधी २५ बाय १५, मग १५ बाय १२, आणि २०१२ पासून १२.३ बाय ८.८. बँकेचं कार्ड मात्र पाकिटाच्या मापाचं होतं तेवढंच राहिलं.

आणखी एक गंमत. सिमवर बारीक अक्षरात जो लांबलचक नंबर असतो, तो आपल्याकडे ८९९१ ने सुरू होतो. ८९ म्हणजे दूरसंचार, ९१ म्हणजे भारत. बघा काढून. पण जपून काढा!

आता आपल्या भागाकडे. देशातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला, कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केला. आपल्याकडे तेव्हा पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथचं राज्य होतं. लोणावळ्याच्या बाजारात रात्री दर उतरले की बूथबाहेर रांग लागायची, हे पन्नाशीतल्या सगळ्यांना आठवत असेल.

मोबाईल आला तो आपल्या डोक्यावरून गेला. सरकारने परवाने देताना मुंबई वेगळी आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासकट वेगळा अशी दोन सर्कल केली होती. म्हणजे मुंबईकर बोरघाट चढून खंडाळ्यात आला की त्याचं सिम परक्या मुलखात, आणि आपला माणूस नोकरीला घाट उतरला की त्याचंही तेच. लोणावळ्याहून रोज मुंबईला जाणारी किती तरी मंडळी. त्यांचा फोन सकाळी कर्जतच्या पुढे कुठेतरी रोमिंगवर जायचा आणि रात्री घाट चढला की घरी यायचा. तेव्हा कॉल घेणाऱ्यालाही पैसे पडायचे, वर रोमिंगचा आकार वेगळा. म्हणून मिस्ड कॉलची भाषा. एक रिंग म्हणजे गाडी सुटली, दोन म्हणजे स्टेशनवर न्यायला ये. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले आणि मग सिम खेड्यात शिरलं. आप्पांनी नंबर घेतला तो २००४ मध्ये. तोच नंबर आजतागायत. सातबाऱ्यापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत सगळीकडे तो नोंदवलेला आहे.

बँकेच्या कार्डाची कथा जरा निराळी. ते आपल्याकडे पाहुण्याच्या खिशातून आलं. देशातलं पहिलं एटीएम १९८७ मध्ये मुंबईत बसलं. (त्याच साली आपल्या वडगावच्या भात संशोधन केंद्राने इंद्रायणी तांदूळ दिला. दोन्हींत देशाच्या जास्त कामी काय आलं, यावर मावळात वाद होणार नाही.) शाळेत असताना मी लोणावळ्यातल्या एका मोठ्या हॉटेलात मामाला डबा द्यायला जायचो, तिथे काउंटरवर कार्डाचं पहिलं मशीन पाहिलं. त्याला वीज लागत नव्हती. कार्डावर उठावाचे आकडे असायचे. ते खाली ठेवायचं, वर कार्बनची पावती, आणि वरून रूळ खर्रकन ओढायचा की आकडे पावतीवर उमटले. झालं. पैसे यायचे ते नंतर सावकाश.

मग आलं ते टेलिफोनच्या तारेवर चालणारं स्वाइप मशीन. पावसात तार गेली की मशीन बंद. हॉटेलवाल्यांना ते परवडायचं. चिक्कीच्या छोट्या दुकानदाराला नाही, कारण मशीनचं भाडं आणि वर शेकडा दीड-दोन रुपये कापले जाणार. पुढे तारेचं काम संपलं आणि मशीन हातात आलं. ते हातात येऊ शकलं कारण त्याच्या पोटात सिम बसलं. हे आपण विसरतो. कार्ड घासतो ते मशीनही सिमवर चालतं. धाकटं भावंड थोरल्याला खांद्यावर घेऊन फिरायला लागलं ते इथून.

स्मार्टफोनलाच कार्डाचं मशीन करायची कल्पना अमेरिकेतली. २००९ मध्ये जिम मॅकेल्वी नावाच्या काच कारागिराचा नळ विकायचा राहिला, कारण गिऱ्हाइकाकडे कार्ड होतं आणि याच्याकडे ते घ्यायची सोय नव्हती. त्या चिडीतून त्याने जॅक डॉर्सीबरोबर हेडफोनच्या भोकात बसणारी एक चौकोनी डबी काढली. आपल्याकडे ती तशीच चालण्यातली नव्हती, कारण दुकानात डेबिट कार्ड घासलं की पिन मारायचा, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये सक्तीचं केलं. म्हणून आपल्याकडच्या कंपन्यांनी फोनला ब्लूटूथने जोडायचं, आकड्यांची बटणं असलेलं छोटं यंत्र आणलं. माझ्या मते रिझर्व्ह बँकेने तेव्हा बरोबर केलं.

८ नोव्हेंबर २०१६. त्यानंतरचा शनिवार-रविवार लोणावळ्यात ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. गाड्या होत्या, पाहुणे होते, पाचशेच्या नोटा होत्या आणि त्या कुणी घेईना. ज्याच्याकडे मशीन, त्याच्याच दुकानात रांग. लायन्स पॉइंटला कणसं भाजणाऱ्या बायका मात्र संध्याकाळी कणसं परत घेऊन गेल्या. मशीनसाठी अर्ज केलेल्यांना ती मिळेमिळेपर्यंत बरेच दिवस गेले, आणि तोवर क्यूआरचा कागद आला. त्याला ना भाडं, ना कापणी. कार्डाच्या मशीनला टपरीपर्यंत यायला तीस वर्षं लागली नसती तर कदाचित त्या बायकांनाही ते मिळालं असतं. ते आलंच नाही; क्यूआरने त्याला मधेच गाठलं.

आता त्यांच्या टेबलाखाली पैसे आल्याचं बोलून दाखवणारी डबी असते. तिच्याही पोटात सिम. धुकं आणि पावसात रेंज गेली की डबी गप्प, आणि पाहुणा स्क्रीन दाखवतो, "मावशी, गेले बघा पैसे." गेले खरे, आले का ते मावशीला रात्री खाली गावात उतरल्यावर कळतं. उर्से टोलनाक्यावरचा फास्टॅग हाही कार्डाचाच पुतण्या. राज्याच्या नाक्यांवर तो १ एप्रिल २०२५ पासून सक्तीचा झाला, आणि तोही कुठल्या तरी मोबाईल नंबरालाच बांधलेला.

(चिपांचा विषय निघालाच आहे तर, तळेगावात वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर कारखाना येणार म्हणून आपण किती स्वप्नं पाहिली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये तो गुजरातला गेला, आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्यातून अंगच काढून घेतलं. असो. त्यावर वेगळी पोस्ट.)

तर आप्पांचे आठ दिवस. आवणीला बाहेरच्या गावातल्या अकरा बायका आल्या होत्या. मजुरी आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी द्यायची, हा रिवाज. पैसे बँकेत होते. आप्पांचं एटीएम कार्ड नुकतंच बदलून आलं होतं. नव्या कार्डाचा पिन बसवायचा तर ओटीपी लागतो. ओटीपी सिमवर येतो. सिम चिरलेलं.

सिम बदलायला गॅलरीत गेलो. ज्यांच्या नावावर सिम, त्यांनीच यायचं. ठीक. आप्पांना चिखलातून उठवून नेलं. अंगठा लागेना. उजवा नाही, डावा नाही. पंधरा दिवस खाचरात रोपं लावून बोटांची कातडी पांढरी पडून सोललेली, रेषा कुठून येणार? तिथली मुलगी भली होती, "आजोबा, हात पुसा, परत ठेवा" म्हणत एकेक बोट लावत गेली. सातव्या बोटाला जमलं. सिम मिळालं, तर चोवीस तास एसएमएस बंद! हा नियम चोरांसाठी आहे. दुसऱ्याच्या नंबरचं सिम काढून खाती साफ करतात, त्याला आळा म्हणून. नियम चुकीचा नाही. पण दुसऱ्या दिवशी शुक्रवार, संध्याकाळी एसएमएस सुरू झाले तेव्हा एटीएममध्ये रोकड नव्हती. शनिवार दुसरा, म्हणजे बँक बंद. मग रविवार.

सोमवारी आप्पा पासबुक आणि पैसे काढायची स्लिप घेऊन रांगेत उभे राहिले. चाळीस वर्षांपूर्वी राहायचे तसेच. सही जुळली.

बाजार मात्र चुकला होता. दहा जणी म्हणाल्या, "आप्पा, पुढच्या बाजाराला द्या, पळून जाताय का?" अकरावी काही बोलली नाही. तिच्या पोराचं औषध आणायचं होतं, हे आम्हाला मंगळवारी दुसरीकडून कळलं. त्या रात्री आप्पा जेवले नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते तालुक्यातल्या कारभाऱ्यांनी ऐकावं. २०१७ मध्ये सिम आधारला जोडा म्हणून गावोगाव माणसं बसली होती, त्यांच्याकडे यंत्रंही होती. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती काढली, आणि माणसं उठली. अंदर मावळ, पवन मावळ, नाणे मावळात महिन्यातून एक दिवस सिम बदलून द्यायला, आणि अंगठा न लागणाऱ्यांचा चेहऱ्याचा फोटो घेऊन काम करायला कुणी बसलं तर काय बिघडेल? ग्रामपंचायतीची खोली आहेच. आणि एक घरच्यांना: म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये रिचार्ज नसेल आणि नव्वद दिवस तो नंबर वापरलाच नाही, तर कंपनी तो बंद करू शकते, आणि मग पुढे कधीतरी तो दुसऱ्या कुणाला मिळतो. शिल्लक वीस रुपये ठेवा, त्याने नंबर टिकायला मुदत मिळते.

कापलेलं सिम वापरत असाल तर या आठवड्यातच बदलून घ्या. फोन चालू असताना, अंगठा लागत असताना. आवणीच्या आधी.

आप्पांनी ते चिरलेलं सिम टाकू दिलं नाही. पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात ठेवलंय. तुमच्यापैकी कुणाकडे सुरुवातीच्या काळातलं अख्खं, न मोडलेलं सिम कार्ड किंवा लोणावळ्यातल्या हॉटेलची कार्बनची पावती जपून ठेवलेली असेल तर खाली फोटो टाका. पावतीवरचा कार्डाचा नंबर तेवढा झाकून.