बडा सिमल्याचे मणके

वऱ्हाडात इतिहास म्हटला की आपण गाविलगडापासून सुरुवात करतो. आज आम्ही त्याच्याही मागे, साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीच्या काळात जाणार आहोत. आपल्या काळ्या मातीखाली ट्रॅपचा दगड आहे, आणि त्याच्याही खाली कोठे कोठे लामेटा थर आहेत. मोर्शी तालुक्यातील सालबर्डीला आपण महादेवाच्या यात्रेला जातो. तेथल्या याच थरांत डायनोसॉरची हाडे व अंडी सापडली आहेत. थरांना नाव मात्र नर्मदेवरील लामेटा घाटाचे आहे, आणि आमची कथाही तिकडची, जबलपूरची आहे.

तेथे १८२८ साली स्लीमन यांना पहिली हाडे मिळाली. १९१७ ते १९१९ या काळात मॅटली यांनी बडा सिमला टेकडी खणली. अखंड सांगाडा हाती आला नाही. आले ते सुटे मणके आणि पायांची हाडे. जर्मन पंडित ह्यूने यांच्यासह त्यांनी १९३३ साली त्यांची वर्गवारी छापली. जबलपूर आणि वऱ्हाड तेव्हा एकाच प्रांतात होते.

ह्यूने यांनी मांसाहारी डायनोसॉरचे दोन तट पाडले होते. एका तटात थोराड, जड हाडांचे. दुसऱ्यात लहान, हलक्या हाडांचे, पक्ष्यांसारखे. लहान मणके सरळ दुसऱ्या तटात गेले. लेविसुकस, जबलपुरिया अशी नावे पडली. एकाला तर ऑर्निथोमिमॉइडीस म्हटले. अमेरिकेतील 'पक्ष्याची नक्कल करणाऱ्या' ऑर्निथोमिमसची ती आठवण.

येथेच चूक झाली. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. पण जिनाच्या फाटकावर उभे राहून एक गोष्ट शिकलो आहोत. जिनातल्या प्रत्येक मजुराच्या अंगावर रुई असते. रुईवरून तो मजूर आहे एवढे कळते, कोणत्या जिनातला हे कळत नाही. पोकळ हाडांचेही तसेच आहे. ती मांसाहारी डायनोसॉरांच्या जवळजवळ साऱ्या कुळात आहेत. घराणे ठरवायला त्या घराण्यापुरतीच असलेली खूण लागते.

ती खूण परदेशातून आली. अर्जेंटिनात १९८० साली नोआसॉरसचे वर्णन झाले, २००१ साली मादागास्करच्या मासिआकासॉरसचे. त्यांच्याशी ताडून पाहता लेविसुकसच्या मानेच्या मणक्यांची ठेवण त्यांच्याच घराण्याची निघाली. अंगाने लहान, पण नाते पक्ष्यांच्या जवळच्या शाखेशी नव्हे, दक्षिणेकडील आबेलिसॉरांशी.

यात नुसत्या नावाचा प्रश्न नव्हता. भारत, मादागास्कर आणि दक्षिण अमेरिका एकेकाळी एकाच भूखंडाचे भाग होते, त्याची ही साक्ष आहे; आणि त्या भूखंडाला नाव आहे आपल्या शेजारच्या गोंडांचे, गोंडवन. ती साक्ष सत्तर वर्षे चुकीच्या खात्यावर मांडलेली होती. मध्यंतरी जबलपूरचे कित्येक मणके संग्रहातून सापडेनासे झाले, म्हणून जुनी वर्णने आणि चित्रे यांवरच पुष्कळदा भिस्त ठेवावी लागली.

ह्यूने यांना आम्ही हसणार नाही. त्यांनी मणके नीट मोजले, चित्रांसह छापले, म्हणून तर पुढच्यांना चूक दुरुस्त करता आली. आमची मागणी एवढीच: सालबर्डीचे हाड कोणाच्या हाती लागले, तर ते दिवाणखान्यात ठेवू नये. कोठे सापडले ते लिहून जाणत्यांच्या हवाली करावे.