धातूंचा ‘थकवा’ : एका संज्ञेचा इतिहास

८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला व पन्नासांहून अधिक उतारू प्राणास मुकले. वारंवार हादरे बसून लोखंडाची तंतुमय घडण स्फटिकमय होते, अशी त्या काळची समजूत होती. रँकिनने १८४३ मध्ये ती खोडून काढली. आसाची जाडी जेथे एकाएकी बदलते तेथे बारीक चीर पडते व ती हळूहळू आत सरकते, असे त्याने दाखविले. १८५४ मध्ये ब्रेथवेटने आपल्या निबंधाच्या शीर्षकातच ‘थकवा’ हा शब्द योजिला.

शब्द देहावरून घेतलेला, म्हणूनच प्रस्तुत लेखकास तो काहीसा फसवा वाटतो. दमलेला मनुष्य रात्रीच्या झोपेने ताजातवाना होतो. आसाची चीर विसाव्याने सांधत नाही. प्रशियातील रेल्वेचे आस तपासताना व्होलरला (१८५८–७०) आढळले, की एका झटक्यात मोडण्यास लागणाऱ्या भाराहून पुष्कळ कमी भारही असंख्य वेळा पालटल्यास आस मोडतो, आणि कमाल भारापेक्षा चढउताराचा पल्ला अधिक निर्णायक ठरतो. भार कमीजास्त होत असल्यास प्रत्येक फेऱ्याच्या हानीची बेरीज करावी, हा नियम पामग्रेनने १९२४ मध्ये व मायनरने १९४५ मध्ये मांडला. त्यात वजाबाकीस जागा नाही.