बारा वर्षांचा श्रीपत, थोरला भाऊ नारायण आणि जालन्याजवळचे बेथेल

१.
'जालना, सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यात आजही ऐकू येते. ती सांगते ती कुंडलिकेकाठच्या या बाजारपेठेची श्रीमंती. याच शहरालगत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक वसाहत उभी राहिली. तिच्या इतिहासात व्यापार जवळजवळ नाही. आहेत ती मुले, त्यांचे आईबाप आणि त्यांना मिळालेली जमीन. वसाहतीचे नाव बेथेल. ती उभारणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री हे दख्खनी ब्राह्मण कुटुंबात जन्मलेले, तरुणपणी ख्रिस्ती झालेले गृहस्थ. बेथेल समजून घ्यायचे तर मात्र आधी जालना सोडून १८४३ च्या मुंबईत जावे लागते. तेथे एका मुलाच्या ताब्यावरून खटला उभा राहिला होता. 🧵

२.
त्या काळच्या मुंबईत इंग्रजी शिक्षण म्हणजे नोकरीचा परवाना होता आणि ते देणाऱ्या शाळांमध्ये स्कॉटिश मिशनची शाळा नामांकित होती. डॉ. जॉन विल्सन आणि रॉबर्ट नेस्बिट हे तिचे आधारस्तंभ. आजच्या विल्सन कॉलेजचे मूळ याच शाळेत आहे. ब्राह्मण, प्रभू, पारशी अशा सुस्थित घरांतील मुले येथे गणित, भूगोल आणि इंग्रजी शिकत. बायबलचा तासही होत असे. पालकांचा हिशेब सरळ होता: विद्या घ्यावी, धर्म घेऊ नये. मिशनऱ्यांचा हिशेब वेगळा होता. दोन्ही हिशेब एकाच वर्गात बसले होते आणि कधीतरी त्यांची गाठ पडणारच होती.

३.
पहिला स्फोट १८३९ मध्ये झाला. धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. धनजीभाईंचे वय तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे. नातेवाइकांनी 'हेबियस कॉर्पस' म्हणजे व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याचा अर्ज मुंबईच्या सुप्रीम कोर्टात केला. (हे कोर्ट आजच्या सर्वोच्च न्यायालयाहून वेगळे, ते ब्रिटिश राजाच्या सनदेने स्थापन झालेले होते.) धनजीभाईंना स्वतःचे भलेबुरे कळते, असे मानून न्यायालयाने त्यांना हवे तेथे जाण्याची मोकळीक दिली. ते मिशनऱ्यांकडे गेले. मुंबईभर खळबळ उडाली आणि कितीतरी पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली.

४.
चार वर्षांनी तोच प्रश्न अधिक कठीण रूपात उभा राहिला. १८४३ च्या सप्टेंबरमध्ये नारायण शेषाद्री यांनी नेस्बिट यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. ते सज्ञान होते, त्यामुळे कायद्याला त्यांच्याविषयी फारसे काही म्हणायचे नव्हते. परंतु त्यांच्या मागोमाग धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला. त्याचे वय होते अवघे बारा. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. तरीही परधर्मीयांच्या घरी राहणे आणि त्यांच्या पंक्तीला जेवणे ही गोष्ट त्या काळच्या ब्राह्मण कुटुंबाला मूल गमावल्यासारखीच होती. थोरला मुलगा गेला होता. धाकटाही जाणार, या भीतीने वडिलांनी न्यायालयाचे दार ठोठावले.

५.
खटला नेस्बिट यांच्याविरुद्ध चालला. न्यायमूर्ती होते सर अर्स्किन पेरी. मिशनऱ्यांच्या बाजूचा आग्रह असा की मुलगा लहान असला तरी समजूतदार आहे, त्यालाच विचारावे. न्यायालयाने तो मानला नाही. बारा वर्षांच्या मुलाची समज तपासत बसण्याची गरज नाही, त्याचा ताबा हा वडिलांचा हक्क आहे, असा निर्णय झाला. श्रीपत वडिलांच्या स्वाधीन करण्यात आला. परकीय न्यायालयाने मिशनऱ्यांविरुद्ध आणि हिंदू पित्याच्या बाजूने दिलेला हा निकाल, 'कंपनी सरकार आणि मिशनरी एकच' या सरसकट समजुतीला छेद देतो. पुढे अनेक दशके अशा खटल्यांत वकील या निकालाचा दाखला देत राहिले.

६.
मुलगा वडिलांकडे आला, पण घरी आला का? येथून दुसरा पेच सुरू झाला. मिशनऱ्यांच्या पंक्तीला जेवलेल्या मुलाला जातीत परत घेता येते का? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी स्पष्ट भूमिका घेतली: प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे. मुंबईच्या ब्राह्मण समाजात तट पडले. सनातनी पक्षाला ही सवलत धर्माला लागलेली कीड वाटली आणि श्रीपतची बाजू घेणाऱ्यांनाच रोष पत्करावा लागला. मराठी समाजातील शुद्धीकरणाच्या आधुनिक वादाची ही आरंभीची ठिणगी. न्यायालयाने ज्याला एका दिवसात बापाच्या हाती दिले, त्याला जातीच्या दारात ताटकळत उभे राहावे लागले.

७.
या प्रकरणात मिशनरी बोलतात, वडिलांचे वकील बोलतात, न्यायमूर्ती बोलतात, शास्त्री बोलतात. सर्वांचे बोलणे श्रीपतविषयी आहे. स्वतः श्रीपतला मात्र ना न्यायालयाने निर्णायक प्रश्न विचारला, ना शास्त्रीमंडळाने. मूल कोणाचे? बापाचे, जातीचे, राज्याचे, गुरूचे, की स्वतःचे? एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती शैक्षणिक कार्याच्या मध्यभागी हाच प्रश्न सतत धगधगत राहिला.

८.
आता थोरल्या भावाकडे वळू. नारायण शेषाद्री यांना १८५४ मध्ये फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मुंबईतील मंडळाने धर्मोपदेशक म्हणून दीक्षा दिली. मधल्या काळात कायदाही बदलला होता. १८५० च्या एकविसाव्या अधिनियमाने धर्मांतर केल्यामुळे किंवा जातीबाहेर पडल्यामुळे वारसाहक्क जाणार नाही, अशी तरतूद केली. परंतु तो कायदा कंपनीच्या मुलखापुरता होता. १८६० च्या दशकात नारायण शेषाद्री यांनी आपले कार्यक्षेत्र म्हणून निवडलेले जालना हे निजामाच्या राज्यात होते.

९.
जालनाच का? १८०३ ची असईची लढाई याच परिसरात झाली आणि पुढे जालन्यात लष्करी छावणी आली. छावणीबरोबर पलटणी, बाजार आणि इंग्रज अधिकाऱ्यांची वस्ती आली. मिशनरी कामाला असा शेजार सोयीचा असे. पण येथे मुंबईसारखे इंग्रजी शिकायला आतुर उच्चवर्णीय विद्यार्थी नव्हते. नारायण शेषाद्री यांचे म्हणणे ऐकायला आले ते प्रामुख्याने आसपासच्या खेड्यांतील मांग समाजाचे लोक. ब्राह्मण घरातून आलेला उपदेशक आणि गावाबाहेर राहणारा, दोरखंड वळणारा, गावकीची कामे करणारा समाज, अशी ही गाठ पडली.

१०.
येथे एक मूलभूत फरक दिसतो. मुंबईत धर्मांतर म्हणजे एकटा विद्यार्थी घर सोडून बाहेर पडणे. मागे राहत असे रडणारी आई आणि कोर्टात जाणारा बाप. जालन्याच्या परिसरात कुटुंबेच्या कुटुंबे आणि नात्यागोत्याचे गट एकत्र निर्णय घेऊ लागले. त्यामुळे मूल कोणाचे, हा वाद येथे त्या रूपात उद्भवला नाही. मूल आईबापांच्या हाताला धरूनच आले. मात्र अडचण दुसरीकडून आली. बलुतेदारीत मांगांचा वाटा होता तो त्यांच्या ठरलेल्या कामांपोटी. ते गावातील जुने स्थान आणि त्याची बंधने सोडायची म्हटले की वर्षाच्या धान्याचा आधारही डळमळत असे. प्रार्थनेने पोट भरत नव्हते.

११.
नारायण शेषाद्री यांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे बेथेल. निजामाचे दिवाण पहिले सर सालार जंग (दिवाणपदाचा काळ १८५३ ते १८८३) यांच्याकडून त्यांनी जालन्याजवळ जमीन मिळवली. मुस्लिम राज्यकर्त्याच्या दिवाणाने ब्राह्मण कुळात जन्मलेल्या ख्रिस्ती उपदेशकाला मांग कुटुंबांच्या वसाहतीसाठी जमीन द्यावी, ही घटना त्या काळच्या दख्खनचे गुंतागुंतीचे वास्तव सांगते. 'बेथेल' हा हिब्रू शब्द. अर्थ 'देवाचे घर'. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब घरापासून दूर, उघड्यावर दगड उशाशी घेऊन झोपतो आणि जागा झाल्यावर त्या ठिकाणाला हे नाव देतो. गावकुसाबाहेर राहिलेल्यांना ही कथा वेगळी समजावून सांगावी लागली नसेल.

१२.
बेथेलची कल्पना चर्चपुरती नव्हती. शेती, मुलामुलींच्या शाळा आणि कारागिरी असे स्वतःच्या पायांवर उभे राहणारे गाव नारायण शेषाद्री यांच्या मनात होते. यातील शाळेचे महत्त्व नीट लक्षात घ्यायला हवे. जेथे अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना गावच्या शाळेच्या ओसरीवरही जागा नव्हती, तेथे मुलगा आणि त्याची बहीण या दोघांच्याही हाती पाटी येणे ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय आईबाप त्याच वसाहतीत राहत असल्यामुळे शिकण्यासाठी घर तोडण्याची पाळी येत नव्हती. १८४३ मध्ये ज्याच्या स्वतःच्या घराची दोन शकले झाली, त्याने पुढे कुटुंबासकट माणसे सामावणारी वसाहत उभारली. या दोन घटनांमध्ये सरळ कार्यकारणभाव जोडण्याचा मोह टाळावा. पण त्या शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय बेथेलचे वेगळेपण कळत नाही.

१३.
दुसरी बाजूही पाहायला हवी. बेथेलचा गाडा चालण्यासाठी परदेशातील देणगीदारांची मदत लागत होती. नारायण शेषाद्री १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हॅन्जेलिकल अलायन्सच्या परिषदेला गेले आणि तेथील श्रोत्यांपुढे भारतातील कार्याविषयी बोलले. अशा मदतीबरोबर अवलंबित्व येते. जमीन मिशनमार्फत, शाळा मिशनची, शिस्त मिशनची. मग गावच्या पाटलाच्या जागी मिशनरी बसला, असा आक्षेप घेता येतो. पोटासाठी धर्म बदलला, असा टोमणा नवख्रिस्तींना सर्वत्र ऐकावा लागे. पण जातिव्यवस्थेत पोट आणि प्रतिष्ठा या दोन गोष्टी वेगळ्या होत्याच कोठे? भाकरी मिळवण्याची रीतच जिथे माणसाची पायरी ठरवत होती, तिथे भाकरीचा प्रश्न हाच माणुसकीचा प्रश्न होता.

१४.
साधनांविषयीही सावध राहिले पाहिजे. बेथेलविषयी जे लिखित साहित्य मिळते, त्यातील मोठा भाग मिशनच्या अहवालांचा आहे. ते स्कॉटलंडमधील वाचकांसाठी, देणगी मिळत राहावी म्हणून लिहिले जात. त्यांत बाप्तिस्म्यांची संख्या ठळक येते. शाळेतून पळून जाणारे पोर, शेतात राबणारी आई, नव्या नावाशी जुळवून घेणारी आजी या अहवालांत क्वचितच येतात. त्या काळच्या मांग मुलांच्या मनात काय चालले असेल, याची चाहूल देणारा एक दस्तऐवज मात्र आपल्यापाशी आहे. फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आपल्याला धर्मग्रंथच वाचू देत नाहीत, तर आपला धर्म कोणता, असा रोकडा सवाल तिने केला. मुलांना विचारले तर मुले काय बोलू शकतात, याचा हा पुरावा आहे.

१५.
श्रीपतच्या प्रकरणातील प्रश्न पुढेही शमला नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले 'शारदा सदन' पुढच्या वर्षी पुण्यात आले. तेथे मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो, या आरोपावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दरम्यान कायदा हळूच एक पाऊल पुढे सरकला होता. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाच्या कलम १७ ने पालक नेमताना अज्ञान मुलाचे हित पाहण्याची जबाबदारी न्यायालयावर टाकली. मुलाचा धर्म, वय, लिंग या बाबीही विचारात घ्यायच्या होत्या. आणि मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल, तर ती पसंती न्यायालय विचारात घेऊ शकेल, असेही त्या कलमात आले. श्रीपतच्या निकालाला तेव्हा ४७ वर्षे झाली होती.

१६.
नारायण शेषाद्री यांचे १८९१ मध्ये निधन झाले. त्यानंतर जालन्यातील स्कॉटिश मिशनचे काम पुढे चालू राहिले. शहरातील मिशन हॉस्पिटल ही त्याची सर्वांना परिचित खूण. १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, १९७० मध्ये उत्तर भारतातील अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, १९८१ मध्ये जालना स्वतंत्र जिल्हा झाला. आज हे शहर बियाणे आणि पोलाद यांसाठी ओळखले जाते.

१७.
मिशनरी कार्याचा इतिहास बहुधा दोनच सुरांत सांगितला जातो: उपकाराचा किंवा कटाचा. दोन्ही सुरांत मोठी माणसे बोलत राहतात आणि मूल गप्प असते. जालन्याचा इतिहास वाचताना म्हणून एक साधी कसोटी लावून पाहावी. मुलाला शिकण्यासाठी घर सोडावे लागले का? कुटुंबाच्या हाती जमीन आणि अक्षर आले का? आणि निर्णय होत असताना त्या मुलाला कोणी विचारले का? बेथेल पहिल्या दोन प्रश्नांना बऱ्याच अंशी समाधानकारक उत्तर देते. तिसऱ्या प्रश्नापाशी श्रीपत उभा आहे, आणि ताब्याच्या प्रत्येक खटल्यात, प्रत्येक शाळेत, प्रत्येक धर्माच्या घरात तो आजही बारा वर्षांचाच आहे.