अ‍ॅल्युमिनियमचा मऊपणा आणि मोठं भोक

अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटला सत्तर-ऐंशी मिलिमीटरचं भोक पाडायचं म्हटलं, की वर्कशॉपमध्ये ठरलेला सल्ला मिळतो: मऊ धातू आहे, लाकडाचा होल सॉ लाव, फेरे वाढव आणि हलक्या हाताने उतरव. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा सल्ला तपासला तर टिकत नाही. तो ऐकून नवी पोरं हातात पत्रा धरून ड्रिल चालवतात, म्हणून तो खोडून काढणं मला निकडीचं वाटतं.

आधी मऊपणाचं पाहू. बाजारात १९००० नावाने मिळणारा जवळपास शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा आणि एचई-३० या मिश्रधातूची टणक प्लेट एकाच हत्याराने कापून बघा. मऊ म्हणजे सोपं हे खरं असतं, तर शुद्ध अ‍ॅल्युमिनियम सहज कापलं गेलं असतं. घडतं उलट. एचई-३०ची चिप मोकळी सुटते, भोकाची कड स्वच्छ येते. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम मात्र दाताला चिकटतं, धारेवर त्याचाच थर चढतो आणि मग पोलादाच्या धारेऐवजी तो बोथट थर धातू ओरबाडत राहतो. भोकाची कड फाटल्यासारखी दिसते ती यामुळे.

फेऱ्यांचा हिशेब तर कागदावरच उलगडतो. ७६ मिलिमीटरचा होल सॉ १४४० फेऱ्यांवर फिरवला, तर दात मिनिटाला सुमारे ३४४ मीटर वेगाने धावतो. बायमेटल सॉचे दात हायस्पीड स्टीलचे असतात. अ‍ॅल्युमिनियममध्ये त्यांना चाळीस ते साठ मीटर पुरे. म्हणजे फेरे हवेत साधारण एकशे सत्तर ते अडीचशे. छोट्या ड्रिल मशीनवर पट्टा सगळ्यात सावकाश पुलीवर घेतला तरी एवढे कमी फेरे बऱ्याचदा मिळत नाहीत, आणि तिथे आणखी वाढवायला सांगणं म्हणजे दात जाळायला सांगणं. हलक्या हाताचंही तेच. दाताने चावलं नाही तर तो घासतो, आणि घासला की तापतो. दाब ठाम हवा, चिप निघताना दिसली पाहिजे.

पण खरा घोटाळा चिप जाते कुठे, यात आहे. साध्या ड्रिलला चिप वर आणणाऱ्या खाचा असतात. होल सॉचे सगळे दात मात्र पूर्ण वेळ एकाच अरुंद चरात अडकलेले असतात. चिप दातांच्या फटीत बसते, तापते, दाबली जाते आणि तिथेच चिकटते. यावरचा उपाय जुन्या फिटरांना ठाऊक आहे, पण सांगितला जात नाही. सॉने जरासा चर उमटवून घ्यायचा, मग चराला स्पर्श करणारं, पण टाकाऊ चकतीच्या बाजूचं सहा-आठ मिलिमीटरचं आरपार भोक पाडायचं. प्रत्येक दात त्या भोकावरून जाताना आपली चिप खाली टाकतो. सोबत रॉकेलचे थेंब, आणि मधूनमधून सॉ वर उचलणं. अर्ध्यावर प्लेट उलटवून मधल्या पायलट भोकातून दुसऱ्या बाजूने कापलं, तर शेवटचा हिसकाही टळतो.

यावर समोरचा म्हणेल, सुतारकामाची कार्बाइड दातांची चकती अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शन सर्रास कापते, राउटर तर चोवीस हजार फेऱ्यांवर चालतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही माझ्याच बाजूने साक्ष देतात. कार्बाइडला उष्णता सोसते, म्हणून वेग चालतो. शिवाय तिथला दात कापून लगेच धातूबाहेर पडतो आणि चिप उडून जाते. या दोन सोयी काढून घेतल्या, तर त्या फेऱ्यांना काही अर्थ उरत नाही.

मग हत्यार कोणतं? पॅनेलच्या पातळ पत्र्याला पंचासारखं दुसरं काही नाही; तो कातरतो, चिप काढतच नाही. स्टेप ड्रिलही चालतं, पण पत्रा एका पायरीच्या उंचीपेक्षा जाड असला तर भोक पायरीदार होतं. फ्लाय कटर कुठलाही व्यास देतो, मात्र त्याचा दांडा एकाच बाजूला असतो. म्हणून तो फक्त भक्कम ड्रिल मशीनवर, कमी फेऱ्यांवर आणि जॉब क्लॅम्प करूनच चालवायचा. हँड ड्रिलमध्ये कधीही नाही, आणि हातमोजे घालूनही नाही.

बेअरिंगचं घर करायचं असेल, तर यातलं एकही हत्यार शेवटचं नव्हे. ६२०७ बेअरिंगचा बाहेरचा व्यास ७२ मिलिमीटर. एच-७ बसणीला वर फक्त ०.०३० मिलिमीटरची सूट. होल सॉने भोक चार-पाच मिलिमीटर लहान ठेवून बाकीचं लेथवर बोअर करावं लागतं. तिथेही उष्णता पाठ सोडत नाही. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. जॉब तीस अंशांनी तापलेला असताना बरोबर ७२ मापलेलं भोक, थंड झाल्यावर सुमारे ०.०५ मिलिमीटरने आक्रसतं, म्हणजे सगळ्या सुटीपेक्षा जास्त. शेवटचा कट जॉब पूर्ण निवल्यावरच घ्यायचा.